चलन म्हणजे निकाल नव्हे

मराठीत 'चलन' हा शब्द सध्या तीन ठिकाणी भेटतो. बाजारात फिरणारा पैसा म्हणजे चलन. बँकेत पैसे भरताना आपण जी चिठ्ठी लिहितो, तेही चलन. आणि सिग्नल तोडला किंवा भलत्या जागी गाडी उभी केली, की मोबाइलवर जो संदेश येऊन थडकतो, तेही चलन. तिन्ही ठिकाणी पैशाचा संबंध आहे. त्यामुळे आपली अशी समजूत झाली आहे, की चलन आले म्हणजे पैसे भरायचे आणि मोकळे व्हायचे.

हे तिसरे चलन मात्र वेगळ्या घरातले आहे. आमच्या घरी उर्दू आणि मराठी दोन्ही बोलल्या जातात, म्हणून त्याची ओळख जरा लवकर पटते. उर्दूत आणि हिंदीत तो शब्द 'चालान' असा आहे. मूळ 'चलना', म्हणजे चालणे. चालान म्हणजे चालते करणे, रवाना करणे. व्यापारी माल पाठवतो तेव्हा मालासोबत जो कागद जातो, तो चालान. पोलिसांनी तपास करून आरोपीचे कागद न्यायालयाकडे पाठवले, तर तेही चालान. आपण ज्याला दोषारोपपत्र म्हणतो, त्याला पंजाबात आणि सीमेपलीकडे पाकिस्तानातही अजून चालान म्हणतात.

म्हणजे हा मुळात प्रवासाचा कागद आहे. आरोप करणाऱ्याकडून तो निवाडा करणाऱ्याकडे निघालेला असतो. या कागदाचा पुढचा मुक्काम आपण कसा विसरलो, याची गोष्ट मोठी रंजक आहे. आज रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाशी तिचा संबंध आहे.

रस्त्यावरचा दंड मोटारीइतका नवा नाही. म्हैसूरच्या आर. शामशास्त्री यांनी कौटिल्याचे 'अर्थशास्त्र' 1909 साली छापून प्रसिद्ध केले. त्यात वाट अडवणाऱ्यासाठी दंडाची चढती भाजणी दिलेली आहे. 'पण' हे त्या काळचे नाणे. माणसांची आणि लहान जनावरांची वाट अडवली तर 12 पण, मोठ्या जनावरांची अडवली तर 24, हत्तींची किंवा शेताकडची वाट अडवली तर 54. मोठ्या नगराकडे जाणारा रस्ता अडवला तर दंड हजारावर जातो. आजचा नो पार्किंगचा फलक याच भाजणीचा वंशज म्हणायचा.

त्याच ग्रंथात गाडीवानाविषयीही लिहिले आहे. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, जनावर बिथरून गाडी आडवी फिरली किंवा गाडीवान 'बाजूला व्हा' असे ओरडत होता, तर इजा झाली तरी दंड नाही. गाडी हाकणारा अजाण असेल, तर गाडीत बसलेल्या मालकाला दंड. मालक गाडीत नसेल, तर आत बसलेल्या माणसाला, किंवा हाकणारा वयात आलेला असेल तर त्याला. आणि पोराने हाकलेली किंवा माणसाशिवाय सुटलेली गाडी राजाने जप्त करावी. 2019 साली आपल्या मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला दोषी धरण्याची, तीन वर्षांपर्यंत कैद, 25 हजार रुपये दंड आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द करण्याची तरतूद तिने आणली. तीही एका अपवादासह. गुन्हा आपल्या नकळत घडला, किंवा तो घडू नये म्हणून आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे पालकाने सिद्ध केले तर तो सुटतो.

दंड या शब्दाचा पहिला अर्थ काठी. राजाच्या हातात काठी असावी, याबद्दल कौटिल्याला कसलीही शंका नव्हती. तरीही काठीच्या शेजारीच त्याने रास्त सबबींची यादी लिहून ठेवली. वेसण खरोखरच तुटली होती का, हे कुणीतरी विचारले पाहिजे, असे त्या यादीत गृहीत धरलेले आहे.

आता मोटारीकडे येऊ. इंग्लंडमध्ये 1865 च्या कायद्याने यांत्रिक गाड्यांना गावात ताशी दोन मैल आणि गावाबाहेर ताशी चार मैल एवढाच वेग दिला होता. गाडीपुढे एक माणूस चालत असला पाहिजे, अशीही अट होती. जानेवारी 1896 मध्ये केंट परगण्यातल्या पॅडक वूड या गावातून वॉल्टर अर्नोल्ड नावाचे गृहस्थ ताशी आठ मैलांच्या वेगाने मोटार घेऊन गेले. हवालदाराने सायकलवरून पाठलाग करून त्यांना गाठले. अर्नोल्ड यांना न्यायालयात उभे राहावे लागले. अतिवेगासाठी एक शिलिंग आणि खटल्याचा खर्च, असा दंड झाला. सायकलवाल्या पोलिसाने मोटारवाल्याला पकडले हे ऐकून आज हसू येते. पण त्या प्रकरणातली माणसे मोजा. चालवणारा समोर होता, पकडणारा समोर होता आणि निवाडा करणारा तिसराच कुणी होता. त्याच वर्षाच्या अखेरीस कायदा बदलला आणि वेगमर्यादा वाढली.

गाड्या वाढल्या तशी प्रत्येकामागे सायकल पिटाळणे अशक्य झाले. मग गाडीलाच चेहरा देण्यात आला. पॅरिसमध्ये 1893 साली गाडीवर मालकाचे नाव, पत्ता आणि क्रमांक असलेली पाटी लावण्याचा हुकूम निघाला. ब्रिटनमध्ये 1903 च्या कायद्याने नोंदणी क्रमांक आले आणि 1 जानेवारी 1904 पासून ते सक्तीचे झाले. हिंदुस्थानात 1914 च्या मोटार वाहन कायद्याने नोंदणी आणि परवाना यांची देशभर एक चौकट घातली. नंबर प्लेटची आपल्याला इतकी सवय झाली आहे, की तिच्यामुळे केवढा फरक पडला हे ध्यानात येत नाही. तोवर गुन्हा करणारा माणूस शोधावा लागे. आता गाडीचा क्रमांक टिपला तरी पुरे होते. चालक आणि मालक वेगळे असू शकतात, हा आजचा तंटा तिथूनच सुरू झाला.

मोटारवालेही स्वस्थ बसले नाहीत. झुडपाआड लपून वेग मोजणाऱ्या पोलिसांपासून सावध करण्यासाठी इंग्लंडमध्ये 1905 साली मोटारवाल्यांची एक संघटना निघाली. तिचे सायकलस्वार रस्त्यावर उभे राहून सभासदांना सलाम ठोकत. पुढे पोलीस आहेत असे उघड सांगणे न्यायालयाने गुन्हा ठरवले, तेव्हा त्यांनी युक्ती काढली. सलाम मिळाला नाही, तर पुढे धोका आहे असे सभासदाने समजायचे. आपल्याकडे समोरून येणारा ट्रकवाला डिपर मारून जे सांगतो, त्याचेच हे जुने रूप.

धावत्या गाडीपेक्षा उभ्या गाडीचा प्रश्न जास्त अवघड निघाला. उभी गाडी कुणाच्या अंगावर जात नाही, पण सगळ्यांची वाट अडवते. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीमध्ये दुकानांसमोरच्या जागा दिवसभर अडलेल्या असत. तिथले वृत्तपत्र संपादक कार्ल मॅगी यांनी नाणे टाकून वेळ विकत घेण्याच्या यंत्राची कल्पना मांडली. 16 जुलै 1935 रोजी जगातले पहिले पार्किंग मीटर तिथे बसले. पाच सेंटचे नाणे टाकले की एक तास. वेळ संपली आणि गाडी हलली नाही, की नोटीस. पुढच्याच महिन्यात एक धर्मोपदेशक या मीटरच्या तावडीत सापडले. त्यांनी न्यायालयात सांगितले, की मी सुट्टे आणायला वाण्याकडे गेलो होतो. न्यायाधीशांनी त्यांना सोडून दिले.

पंचवीस वर्षांनी लंडनमध्ये जवळपास हेच घडले. 1958 साली तिथे मीटर आले आणि सप्टेंबर 1960 मध्ये पोलिसांच्या मदतीला 'ट्रॅफिक वॉर्डन' रस्त्यावर उतरले. त्यांनी फाडलेली पहिली पावती एका डॉक्टरांच्या गाडीवर लागली. दोन पौंडांची. डॉक्टर त्या वेळी जवळच्या हॉटेलात हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसावर उपचार करत होते. गावभर ओरड झाली आणि ती पावती मागे घेण्यात आली.

या दोन हकिकती एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात. दोन खंडांतली दोन शहरे. दोन्हीकडे सुरुवातीलाच सापडलेला माणूस सुटला. नियमाच्या अक्षरात पाहिले तर दोघेही चुकले होते. मीटरचे यंत्र बरोबर होते, वॉर्डनचे घड्याळही बरोबर होते. चुकले काही असेल, तर परिस्थिती विचारात घ्यायची राहिली होती. ती कुणीतरी ऐकून घेतली म्हणून न्याय झाला.

लंडनच्या त्या पावतीमागे एक नवी कायदेशीर कल्पना होती. किरकोळ नियमभंगाचे हजारो खटले न्यायालयात साचू लागले होते. तेव्हा कायद्याने असे ठरवले, की ठरावीक रक्कम ठरावीक मुदतीत भरलीत तर खटला होणार नाही. पटत नसेल तर न्यायालय आहेच. म्हणजे सरकारने नागरिकापुढे एक देकार ठेवला. तो स्वीकारण्याची मुभा होती, तशी नाकारण्याचीही होती. जगभरच्या वाहतूक नोटिसांचा पाया हाच आहे.

आपला कायदाही याच वाटेने गेला. 1939 चा मोटार वाहन कायदा जाऊन 1988 चा आला आणि तो 1 जुलै 1989 पासून लागू झाला. त्याचे 200 वे कलम प्रत्येक वाहनचालकाने एकदा तरी वाचावे असे आहे. राज्य सरकारने अधिसूचनेने नेमलेला अधिकारी ठरलेली रक्कम घेऊन काही गुन्ह्यांत तडजोड करू शकतो, खटला भरण्यापूर्वी किंवा नंतरही, असे ते सांगते. रक्कम भरली की त्या गुन्ह्याबद्दल पुढे कारवाई होत नाही. सरकारी मराठीत या रकमेला 'तडजोड शुल्क' म्हणतात.

हा शब्द सावकाश वाचा. आपण बोलताना 'दंड भरला' म्हणतो. पण रस्त्यावर पोलिसाने घेतलेला किंवा मोबाइलवरून भरलेला पैसा कायद्याच्या भाषेत न्यायालयाने केलेला दंड नसतो, ते तडजोडीचे शुल्क असते. दंड फक्त न्यायाधीश करू शकतो. आणि तडजोड म्हटली की तिला दोन बाजू आल्या. एका बाजूने लादली, तर तिला तडजोड कसे म्हणायचे? सगळ्याच गुन्ह्यांत ही तडजोड होत नाही, हेही बरेच आहे. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला पावतीवर सुटता येत नाही, न्यायालयाची पायरी चढावीच लागते.

जे न्यायालयात जात, त्यांच्यासाठीही कायद्याने एक सोय केली. 1939 च्या कायद्यात गुन्हा कबूल असल्याचे रजिस्टर पत्राने कळवता येई. 1988 च्या कायद्याच्या 208 व्या कलमाने त्यापुढे जाऊन मनीऑर्डर आणली. समन्सवरच लिहिलेले असे, की वकिलामार्फत किंवा स्वतः हजर राहा, नाहीतर अमुक तारखेच्या आत अमुक रक्कम मनीऑर्डरने पाठवा आणि गुन्ह्याची कबुली मनीऑर्डरच्या कुपनावरच लिहा. ज्या कुपनावर मुंबईच्या गिरणी कामगाराने गावी 'सर्व खुशाल आहे' असे लिहिले, त्याच कुपनावर 'मला गुन्हा कबूल आहे' असे लिहायचे! कारकुनी सोय म्हणून ही तरतूद झाली असेल. पण कबुली ही कबुली आहे आणि ती माणसाने आपल्या हाताने लिहायची आहे, एवढे भान तिच्यात होते. आज मोबाइलवर बोट टेकवताना आपण नेमके काय कबूल करतो, हे किती जण वाचतात?

कायद्याच्या पुस्तकातून चौकात आलो, की भाषा बदलते. तिथे कुणी 'तडजोड शुल्क' म्हणत नाही. तिथे पावती फाडतात. वाहतूक पोलीस आपला मामा होतो. लायसन्स ताब्यात घेतले, की त्याबदली पावती द्यायची आणि लायसन्स परत मिळेपर्यंत त्या पावतीवर गाडी चालवता यायची, ही सोयही कायद्यात आहे. आणि मामाशी जी दुसरी तडजोड होई, तिच्यासाठी आपल्या भाषेत चिरीमिरी हा फार गोड शब्द आहे. कायद्याने देऊ केलेली तडजोड सरकारी तिजोरीत जाते, चिरीमिरीची तडजोड खिशात जाते. दोन्ही एकाच चौकात, एकाच उन्हात उभ्या होत्या, म्हणून लोकांचा दोन्हींवरचा विश्वास उडाला.

तरी त्या चौकात एक गोष्ट होती. बोलणे होते. 'साहेब, आई दवाखान्यात आहे' हे सांगता येई. कधी ते खोटे असे, कधी खरे. मामा पिशवीतले औषध बघे, चेहरा बघे आणि 'जा, पुन्हा करू नको' म्हणे. हा न्याय नियमात बसणारा नव्हता. ओळखीच्याला सोडणे आणि गरिबाला धरणे हेही त्याच चौकात चाले. म्हणून त्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण माणूस जाऊन यंत्र आले, तेव्हा चिरीमिरीबरोबर ते ऐकून घेणेही गेले, याची नोंद मात्र केली पाहिजे.

यंत्राची जन्मकथाही मासलेवाईक आहे. वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्याचे जनक म्हणून मॉरिस गॅट्सोनिडेस या डच गृहस्थांचे नाव घेतले जाते. ते स्वतः मोटारींच्या शर्यतीतले नामांकित चालक होते. 1953 ची माँटे कार्लो रॅली त्यांनी जिंकली. वळणावर आपला वेग नेमका किती राहतो हे मोजून तो वाढवता यावा, म्हणून त्यांनी ते उपकरण बनवले. अधिक जोरात पळण्यासाठी केलेले यंत्र पुढे जगभर लोकांना सावकाश चालवायला लावू लागले. गाडीच्या चाकाला जो जॅमर लावतात, त्याचीही गोष्ट अशीच. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराच्या वाद्यवृंदातले व्हायोलिनवादक फ्रँक मारग यांनी 1950 च्या दशकात तो घडवला. व्हायोलिन वाजवणाऱ्या हातांनी जगभरच्या चाकांना बेड्या घातल्या.

मुंबईत 2016 साली सीसीटीव्हीच्या आधारे ई-चलन सुरू झाले आणि पुढे ते राज्यभर पसरले. 2019 च्या दुरुस्तीने दंडाच्या रकमा कितीतरी वाढल्या. ज्या सर्वसाधारण नियमभंगाला पहिल्या वेळी शंभर रुपयांपर्यंत दंड होता, त्याला पाचशेपर्यंत झाला. 1 सप्टेंबर 2019 पासून त्या रकमा देशात लागू झाल्या, पण महाराष्ट्राने त्या लगेच स्वीकारल्या नाहीत. आपल्याकडे नवे दर डिसेंबर 2021 मध्ये आले. दरम्यान जुलै 2019 मध्ये मुंबई महापालिकेने आपल्या वाहनतळांच्या परिसरात रस्त्यावर गाडी उभी करणाऱ्यांना हजारोंच्या घरात दंड लावायला सुरुवात केली होती.

एवढा दंड कशासाठी, असे विचारणाऱ्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा. केंद्र सरकारच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजार 491 माणसे मेली. ती आपल्यातलीच होती. शिस्त हवी, दंडही हवा. कॅमेऱ्याला जात-धर्म दिसत नाही, कपडे दिसत नाहीत, गाडीवरचा झेंडा दिसत नाही. हा त्याचा मोठा गुण आहे आणि माझ्यासारख्याला तो विशेष जाणवतो.

पण कॅमेऱ्याला गाडी दिसते, तिच्यामागची परिस्थिती दिसत नाही. टेम्पो एकाच्या नावावर असतो आणि चालवतो दुसरा. मोटारसायकल विकून वर्ष झालेले असते, पण कागदावर नाव जुन्याच मालकाचे राहते आणि चलने त्याच्या मोबाइलवर येत राहतात. रुग्णवाहिकेला वाट द्यायची म्हणून एखादा झेब्रा पट्टीवर जातो आणि नेमका टिपला जातो. पाचशे रुपये कुणाला एका जेवणाचे बिल वाटेल. घरोघर पार्सल पोचवणाऱ्या पोराची ती दिवसभराची कमाई असते.

या बाबतीत लंडनचा पुढचा अनुभव पाहण्यासारखा आहे. 1991 च्या कायद्याने तिथे पार्किंगचा नियमभंग फौजदारी गुन्ह्यातून बाहेर काढला. पोलिसांऐवजी स्थानिक पालिका नोटिसा देऊ लागल्या आणि जबाबदारी चालकावरून मालकावर गेली. चौदा दिवसांत भरले तर निम्मी सूट. इथपर्यंतचे सारे पालिकेच्या सोयीचे झाले. पण त्याच कायद्याने पालिकेच्या बाहेरचा एक स्वतंत्र निवाडा करणाराही नेमला. आधी पालिकेकडे हरकत घ्यायची. ती फेटाळली, तर या निवाडा करणाऱ्याकडे विनाशुल्क दाद मागायची. गाडी चोरीला गेली होती, फलक झाडाआड होता, मीटर बिघडले होते, असली कारणे तिथे ऐकली जातात. रस्त्यावरचे बोलणे गेले, तर त्या बदली बोलायची दुसरी जागा द्यावी लागते, हे तिथल्या कायद्याने ओळखले.

आपल्याकडेही अशा जागा आहेत, पण त्यांचा गाजावाजा होत नाही. कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्यांसाठी ऑगस्ट 2021 मध्ये केंद्राने नियम केले. गुन्हा घडल्यापासून पंधरा दिवसांत नोटीस पाठवावी, तीत गाडीच्या क्रमांकासह छायाचित्र, वेळ, ठिकाण, यंत्राने मोजलेला आकडा आणि कायद्याचे कलम असावे, यंत्राला दरवर्षी प्रमाणपत्र घ्यावे आणि रस्त्यावर कॅमेरा असल्याची सूचना देणारा फलक असावा, असे त्या नियमांनी सांगितले. त्या चार-पाच ओळींत कौटिल्याच्या सबबींची यादीच नव्या भाषेत आली आहे. पुरावा दाखवा, यंत्र तपासा, आधी सूचना द्या. चालक कोण होता हे पोलिसांनी विचारल्यावर मालकाने सांगितले पाहिजे, असे 133 वे कलम म्हणते. ते कर्तव्य आहे, आणि खरे सांगण्याची संधीसुद्धा आहे.

ऑक्टोबर 2020 मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या काटोल येथे वाहतूक चलनांसाठी आभासी न्यायालय सुरू झाले. गुन्हा कबूल असेल, तर घरबसल्या रक्कम भरायची. कबूल नसेल, तर तसे कळवायचे, मग प्रकरण नेहमीच्या न्यायालयाकडे जाते. 2021 पासून राज्यात थकलेली चलने लोकअदालतीपुढेही येऊ लागली. त्या दिवशी न्यायालयांबाहेर रांगा लागतात. तिथेही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लोकअदालतीचा निवाडा दोन्ही बाजूंच्या संमतीने होतो आणि त्यावर अपील नसते. संमती देण्याआधी बोलायचे ते बोलून घ्यावे.

मग चलन आले तर काय करावे? आधी ते वाचावे. बनावट चलनांचे संदेशही फिरतात, म्हणून संदेशातल्या दुव्यावर बोट न टेकवता सरकारी संकेतस्थळावर आपला गाडी क्रमांक टाकून पाहावे. छायाचित्रातली गाडी आपलीच आहे का, तारीख आणि जागा जुळते का, कलम कोणते, हे पाहावे. चूक आपली असेल, तर पैसे भरावेत. सूट मिळेल म्हणून वर्षानुवर्षे थकवत बसू नये. चूक आपली नसेल, तर तसे लेखी कळवावे आणि वेळ पडली तर न्यायालयात सांगावे. गाडी विकली असेल, तर चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे. अर्धी दुखणी तिथेच बरी होतात.

आणि व्यवस्थेकडूनही काही अपेक्षा ठेवावी. पैसे भरण्याचे बटण जेवढ्या ठळकपणे दाखवतात, तेवढ्याच ठळकपणे 'मला हे मान्य नाही' असे सांगण्याची जागा दाखवावी. ती मराठीत असावी आणि रिक्षावाल्याला वकील न करता कळावी. हरकत फेटाळली, तर का फेटाळली हे दोन ओळींत लिहून द्यावे. याला फार खर्च येत नाही. लोक कायदा पाळतात ते भीतीने जितके, तितकेच तो आपले ऐकतो या भरवशाने.

आपल्या तमाशाच्या फडात सवाल-जवाबाची रीत आहे. एका बाजूने सवाल टाकला, की दुसऱ्या बाजूला जवाबाची संधी मिळते आणि ऐकणारे दोन्ही बाजू ऐकून मान डोलावतात. नुसताच सवाल टाकून कुणी फड जिंकला, असे ऐकिवात नाही. चलन हा सरकारने रस्त्यावर टाकलेला सवाल आहे. तुम्ही इथे, या वेळी, असे केलेत का? त्याला 'होय, केले' हा जवाब द्यायला हिंमत लागते आणि 'नाही, कारण असे होते' हा जवाब द्यायलाही लागते. दोन्ही जवाब कायद्याला चालतात. गप्प राहून पैसे भरणे आणि गप्प राहून पैसे थकवणे, या दोन सवयी मात्र आपण मोडायला हव्यात.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)